बिल्ला आहे, कंडक्टर कुठाय?

मराठी माणसाला 'बिल्ला' म्हटलं की डोळ्यांसमोर गुंड येत नाही, हमाल येतो. स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला, बसच्या कंडक्टरच्या छातीवरचा बिल्ला, झालंच तर शाळेच्या स्नेहसंमेलनात 'स्वयंसेवक' म्हणून टाचणीने टोचून घेतलेला पुठ्ठ्याचा बिल्ला. बिल्ला लावणारा माणूस हा कामाचा, घाईतला आणि बहुधा घामाघूम असतो. तेव्हा मद्रासकडच्या सिनेमात एका महाभयंकर तस्कराचं नाव 'बिल्ला' आहे हे कळल्यावर आमची ही म्हणाली, "बरं झालं. आता खलनायिकेचं नाव 'पावती' ठेवा म्हणावं."

पण हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. या बिल्ल्याचा आणि आपला संबंध वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जवळचा आहे, आणि त्याला चांगला तीस-चाळीस वर्षांचा इतिहास आहे. शिवाय इतिहास म्हटला की तो लढायांचाच असला पाहिजे असं थोडंच आहे? नकलांचाही असतो.

तर २००७ सालच्या डिसेंबरात तमिळमध्ये 'बिल्ला' नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक विष्णुवर्धन (कन्नडमधले नट ते वेगळे), नायक अजितकुमार. हा चित्रपट १९८० सालच्या तमिळ 'बिल्ला'वरून काढलेला. तो १९८० सालचा 'बिल्ला' १९७८ सालच्या हिंदी 'डॉन'वरून काढलेला. म्हणजे कार्बनखालचा कार्बन. ज्यांनी कचेरीत टाइपरायटरवर हयात काढली त्यांना ठाऊक आहे की तिसरी प्रत नेहमी फिकी उमटते. इथे उलटं झालं. तिसरी प्रत सगळ्यांत चकचकीत निघाली. फक्त मजकूर उमटायचा राहिला.

ही प्रत मी पाहिली ती आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मामांच्या घरी. मामा तमिळ. जन्म माटुंग्याचा, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या गृहस्थाला 'मामा' म्हणतात, आपल्याकडे मामाला 'मामा'च म्हणतात. त्यामुळे सगळी इमारत त्यांना मामा म्हणते आणि भाषिक ऐक्य आपोआप राखलं जातं. मामांनी तरुणपणी माटुंग्याच्या अरोरा थिएटरात रजनीकांतचा 'बिल्ला' पाहिला होता, एकदा नव्हे, पाचदा. त्यांच्या मुलाने नव्या 'बिल्ला'ची तबकडी आणून दिली तेव्हा त्यांनी आम्हां दोघांना रीतसर आमंत्रण दिलं. मामींनी कॉफी केली. मला तमिळ येत नाही, म्हणून संवादांचा अर्थ सांगायचं काम मामांनी पत्करलं.

पहिला अर्धा तास त्यांनी ते इमानाने केलं. मग ते गप्प झाले.

मी विचारलं, "मामा, आता काय म्हणाला तो?"

"काही नाही. चाललाय."

खरंच, तो चाललाच होता. काळा सूट, काळा चश्मा, मागे क्वालालंपूरच्या काचेच्या इमारती, आणि अजितकुमार चालतोय. विमानाकडे चालतोय, गाडीकडे चालतोय, शत्रूकडे चालतोय. त्याच्या मागून त्याचे साथीदार चालताहेत. चालण्यात काही खोट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. निरव शहांचा कॅमेरा असा की प्रत्येक चौकट कापून कॅलेंडराला लावावी. अनु वर्धन यांनी शिवलेले कपडे असे की त्यांवर एक सुरकुती सापडेल तर शपथ. माणसं गोळ्या खाऊन मरत होती तीसुद्धा इस्त्री न मोडता. चित्रपट चालला म्हणाल तर धो धो चालला. अजितकुमारचे चाहते आजही त्याचं नाव निघालं की कॉलर ताठ करतात. हे सगळं मान्य आहे. पण शेवटाला दिवा लागला तेव्हा आमची खोली अगदी गार होती, आणि आमच्या इमारतीत एअरकंडिशन नाही.

"कसा वाटला?" मी विचारलं.

मामांनी कॉफीचा पेला डबऱ्यात ओतला, परत पेल्यात ओतला आणि म्हणाले, "चांगला आहे हो. पण ह्या माणसाला कुणाचं काही देणं नाही."

मला वाटलं, मराठीत आपण 'देणंघेणं नाही' म्हणतो तसं काहीतरी त्यांना म्हणायचं आहे. नंतर या तीनही चित्रपटांची कुळकथा ध्यानात घेतल्यावर लक्षात आलं, मामांनी शब्द अगदी मोजून वापरला होता. कारण या सगळ्या बिल्ला-प्रकरणाचा जन्मच मुळी एका देण्यातून झालेला आहे.

नरिमन इराणी नावाचे एक कॅमेरामन होते. माणूस गुणी. त्यांनी 'जिंदगी जिंदगी' नावाचा चित्रपट निर्माता म्हणून काढला. १९७२ साल, तपन सिन्हा दिग्दर्शक, सुनील दत्त आणि वहिदा रहमान, सचिनदेव बर्मनांचं संगीत. आता इतकी सगळी मोठी माणसं एका चित्रपटात आली की तो आपटलाच पाहिजे असा काहीतरी निसर्गनियम असावा. तो आपटला. इराणींच्या डोक्यावर बारा लाखांचं कर्ज झालं. त्या काळचे बारा लाख म्हणजे नुसता आकडा उच्चारला तरी मध्यमवर्गीय माणसाला ठसका लागावा.

इराणी त्या वेळी मनोजकुमारच्या 'रोटी कपडा और मकान'वर कॅमेऱ्याचं काम करत होते. चित्रपटाचं नाव बघा, आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाची स्थिती बघा. त्याच चित्रपटात अमिताभ बच्चन होते, झीनत अमान होत्या आणि मनोजकुमारचे सहायक म्हणून चंद्रा बारोट होते. या मंडळींनी इराणींना सांगितलं, तू एक चित्रपट काढ, आम्ही तुझ्याबरोबर आहोत, कर्ज फिटेल. बारोट दिग्दर्शक झाले. गोष्ट सलीम-जावेद यांच्याकडून घेतली. ती त्यांच्याकडे पडून होती; कुणी घेत नव्हतं. तिला नावसुद्धा नव्हतं, 'ती डॉनवाली गोष्ट' एवढीच तिची ओळख. आपल्याकडे नाही का, लग्नाची राहिलेली मुलगी 'ती जोशांची थोरली' म्हणून ओळखली जाते, तसं.

चित्रपट रेंगाळत रेंगाळत तीन-साडेतीन वर्षं चालला. आणि तो पुरा व्हायच्या आत इराणी एका सेटवरच्या अपघातात गेले. ज्याचं कर्ज फेडायचं तोच उरला नाही. तरीही मंडळींनी चित्रपट सोडला नाही. १२ मे १९७८ ला 'डॉन' लागला. आठवडाभर आधीच अमिताभचा 'त्रिशूल' लागलेला, त्याचा गाजावाजा मोठा. 'डॉन'च्या जाहिरातीला पैसे कुठले? पहिल्या आठवड्यात लोकांनी तो पडला असं जाहीरही करून टाकलं. मग ते बनारसी पानाचं गाणं गल्लोगल्ली वाजायला लागलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून थिएटरं भरली. हे गाणं मुळात चित्रपटात नव्हतंच. मनोजकुमारने चित्रपट पाहिला आणि सांगितलं, उत्तरार्ध फार आवळलेला आहे, प्रेक्षकांना जरा उठून जाऊन यायला तरी सवड द्या. म्हणजे ज्या गाण्याला लोकांनी बाहेर जायचं, त्याच गाण्याला लोक आत पळत आले. किशोरकुमारला त्यासाठी फिल्मफेअर मिळालं, अमिताभला अभिनयासाठी मिळालं, आणि नफा इराणींच्या पत्नीकडे गेला. त्यातून देणी भागली. मनोजकुमार आणि बारोट दोघेही २०२५ साली गेले; पण सिनेमाच्या धंद्यात असा व्यवहार झाला होता, हे जाता जाता त्यांच्या खात्यावर मांडून ठेवलं पाहिजे.

आता गंमत अशी की पडद्याबाहेरचं हे देणं पडद्यावरही उतरलेलं आहे. 'डॉन'ची गोष्ट आठवा. डॉन मरतो, आणि डी.एस.पी. डिसिल्व्हा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या विजयला त्याच्या जागी पाठवतो. विजय हा रस्त्यावर नाचून-गाऊन पोट भरणारा माणूस. तो जिवावरचं काम का पत्करतो? देशासाठी वगैरे नाही. त्याच्या पदरात दोन पोरकी मुलं आहेत आणि डिसिल्व्हा त्यांच्या शाळेची सोय करणार आहे. म्हणजे शाळेच्या फीसाठी! मध्यमवर्गीय प्रेक्षकाला यापेक्षा समजणारं कारण दुसरं कुठलं? जून महिन्यात आम्हीसुद्धा कुणाच्याही टोळीत जायला तयार असतो.

मुलांचा खरा बाप जसजित, म्हणजे प्राण. सर्कशीत तारेवर चालणारा, आजारी बायकोपायी चोरी करायला गेलेला आणि डिसिल्व्हाच्या गोळीने लंगडा झालेला. तो मुलांना शोधतोय आणि डिसिल्व्हावर दात धरून आहे. शेवटी तो लंगडा पाय घेऊन मुलांसकट उंचावरच्या दोरावरून चालतो. त्या दोरावर खरं तर सगळा चित्रपट चालतो. अमिताभचं ते जाकीट, तो बो-टाय, ती ऐट, सगळं त्या दोराच्या बळावर उभं आहे. खाली जाळं नाही हे ठाऊक असलं की वरच्या माणसाच्या ऐटीला किंमत येते.

हीच गोष्ट मद्रासच्या के. बालाजींनी उचलली. हिंदीत चाललेला चित्रपट तमिळमध्ये आणणं हा बालाजींचा हातखंडा. २६ जानेवारी १९८० ला, भर प्रजासत्ताकदिनी, आर. कृष्णमूर्ती दिग्दर्शित 'बिल्ला' लागला. एम. एस. विश्वनाथन यांचं संगीत, श्रीप्रिया नायिका, लंगडा बाप झाला तेंगाई श्रीनिवासन, आणि डी.एस.पी. झाले खुद्द बालाजी. निर्मात्याने आपल्या पैशांवर स्वतःच पहारा ठेवण्याचं हे आदर्श उदाहरण. आणि बिल्ला झाला रजनीकांत.

आणि इथे आपला संबंध येतो. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड. बेंगळुरूच्या मराठी घरातला मुलगा, जन्म १२ डिसेंबर १९५०. सिनेमात येण्यापूर्वी तो बेंगळुरूच्या बसवर कंडक्टर होता. मराठी कंडक्टर पडद्यावर 'बिल्ला' झाला, यात आमच्या हिच्या विनोदापेक्षा मोठा विनोद नियतीने करून ठेवला होता. के. बालचंदर यांनी १९७५ साली त्याला पहिली भूमिका दिली. चार वर्षांत त्याने इतके चित्रपट केले की १९७९ साली प्रकृती ढासळली, आणि 'रजनी संपला' असं बोललं जाऊ लागलं. 'बिल्ला' त्यानंतरचा. नक्कल होती ती, पण नक्कल करणाऱ्याचं सगळं पणाला लागलेलं होतं. बारा लाखांच्या जागी इथे एक अख्खा माणूस होता.

मामा सांगतात, पाचव्यांदा पाहताना ते फक्त रजनीचे हात बघत होते. मला ते पटतं. रजनीची ऐट हातांत आहे. सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलणं, चश्मा बोटांत फिरवून डोळ्यांवर बसवणं, हे काही परदेशी मासिक बघून येत नाही. खच्चून भरलेल्या बसमध्ये एका हाताने दांडा, एका हाताने तिकीट, तोंडाने 'पुढे सरका', आणि मधल्या मध्ये सुट्टे पैसे मोजून परत. ही कसरत रोज आठ तास केली की हाताला एक लय येते. स्टाइल ही आधी सवय असते, आणि सवय ही आधी गरज असते. कंडक्टर तिकीट झोकात फाडतो कारण त्याला पुढच्या स्टॉपच्या आत चाळीस तिकिटं फाडायची असतात.

सलीम-जावेदना हे चांगलं माहीत होतं. त्यांच्याच १९७५ सालच्या 'दीवार'मध्ये विजय गोदीत हमाल असतो आणि त्याच्या दंडावर ७८६ नंबरचा बिल्ला असतो. पुढे तो सूटबूट घालून मोठा तस्कर होतो, पण बिल्ला खिशात राहतो. अखेरीस तो हातातून निसटतो तेव्हा सबंध थिएटरचा श्वास अडकतो. पितळेचा एवढासा तुकडा. पण त्याच्यामागे गोदीतली पोती आहेत. बालाजींनी १९८१ साली त्याचीही तमिळ आवृत्ती काढली, 'ती' नावाची. 'ती' म्हणजे आग. त्यातही रजनीकांतच. दोन वर्षांत या कंडक्टरने बालाजींसाठी अमिताभच्या दोन सूटांत पाय घातले आणि दोन्ही वेळा ते सूट त्याच्या मापाचे झाले.

आता २००७ सालची प्रत शेजारी ठेवून बघा. काय काय ठेवलं? जुन्या चित्रपटातली 'माय नेम इज बिल्ला' आणि पानविड्याचं, अशी दोन गाणी युवन शंकर राजाने नव्या ठेक्यावर बांधून ठेवली. डी.एस.पी. ठेवला, प्रभूने तो मनापासून केलाय. लाल डायरीच्या जागी पेन ड्राइव्ह आला, ते काळाला धरूनच झालं. फक्त एकच अडचण, डायरी आगीत फेकताना जे काळजात होतं ते पेन ड्राइव्ह फेकताना होत नाही, कारण आपण घरी बसून म्हणतो, दुसरीकडे कॉपी करून ठेवली असेल. तोतया वेलूच्या पदरात एक मुलगा ठेवला, त्याच्या शिक्षणाची अटही ठेवली. पण मुलाचा बाप काढून टाकला. लंगडा पाय गेला, सर्कस गेली, आणि त्यांच्याबरोबर दोरही गेला. तानाजी पडल्यावर सूर्याजीने कड्यावरचे दोर कापले, ते लढाई जिंकायला. इथे दोर कापले ते लढाईच होऊ नये म्हणून. मग उरतं काय? चालणं. सपाट, गुळगुळीत जमिनीवर चालणं. त्याला पडायची भीती नाही, म्हणून बघणाऱ्याला उठून उभं राहायचं कारण नाही.

इथे कुणी म्हणेल, नक्कल ती नक्कलच, तिच्याकडून अपेक्षा कशाला? हा युक्तिवाद मराठी माणसाने तरी करू नये. आपल्या देवलांचं 'संशयकल्लोळ' मुळात मोलिएरच्या घरचं. पण फाल्गुनरावाला संशय येतो तो अस्सल पेठेतला. पु. ल. देशपांड्यांची १९७५ सालची 'ती फुलराणी' बर्नार्ड शॉची. पण मंजुळेला भाषा शिकवताना आपल्या समाजात भाषेवरून कोण कुणाला खाली बसवतो तो हिशेब पुलंनी नव्याने मांडला. दुसऱ्याच्या घरून विरजण आणलं म्हणून दही परकं होत नाही. दूध मात्र आपलं लागतं. या 'बिल्ला'त विरजण फार उंची भांड्यातून आणलं, आणि दूध घालायचं राहिलं.

आणि वाईट याचंच वाटतं की दूध घरात होतं! वेलूचं एक गाणं क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहांपाशी चित्रित केलंय. तिथे मुरुगनची सोनेरी मूर्ती आहे, १४० फूट उंच, २००६ साली उभारलेली. वेलू हे नावच मुरुगनच्या भाल्यावरून, 'वेल'वरून आलेलं. मलेशियातल्या तमिळांचे पूर्वज ब्रिटिशांच्या अमलात रबराच्या मळ्यांवर राबायला गेले. त्यांचा हा देव. त्या पाच मिनिटांत चित्रपट एकदम अंगात आल्यासारखा जिवंत होतो. ढोल वाजतात, माणसं घामाघूम होतात, अजितकुमारच्या कपड्यांना प्रथमच सुरकुती पडते. मामा खुर्चीत पुढे सरकले होते. मामी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, आता हा वेलू कोण, इथे कसा आला, त्याच्या आज्याने कुणाचा मळा राखला, हे कळणार. छे! गाणं संपलं, वेलूला काळा सूट चढवला, आणि पुन्हा चालणं सुरू.

दोष अजितकुमारचा म्हणाल तर नाही. तो खराखुरा मोटारींच्या शर्यती धावलेला माणूस आहे. शर्यतीत मोडलेली हाडं त्याने सोसलेली आहेत. जिवावरच्या खेळाची ओळख त्याला करून द्यावी लागत नव्हती. त्याला फक्त चालायला सांगितलं.

पुढची वंशावळ थोडक्यात सांगतो. २००९ साली या तिसऱ्या प्रतीवरून प्रभासने तेलुगूत चौथी काढली. आणि २०१२ साली 'बिल्ला २' आला. बिल्ला मुळात बिल्ला कसा झाला, हे सांगणारा. अखेर कुणाला तरी प्रश्न पडला म्हणायचा! मात्र पाच वर्षं उशिरा, आणि वेगळं तिकीट लावून. मामांनी त्याची तबकडी आणू दिली नाही. त्यांचं म्हणणं, बिल्ला कसा होतो हे बेंगळुरूच्या कुठल्याही जुन्या कंडक्टरला विचारा, सुट्टे पैसे दिलेत तर तो फुकट सांगेल.